‘कॉन्व्होल्यूटेड’ की ‘इन्ट्रिकेट’? पैठणीच्या माहितीपाटीसाठी हवंय

नवा_अनुवादक:
प्रदर्शनात पैठणीशेजारी इंग्रजी पाटी लागणार आहे. मूळ मराठी वाक्य: ‘पदरावर बांगडी मोराची गुंतागुंतीची नक्षी असून ती हातमागावर विणली आहे.’ शब्दकोशात कॉन्व्होल्यूटेड, इन्ट्रिकेट, कॉम्प्लेक्स, कॉम्प्लिकेटेड हे चारही सापडले. त्यातला कॉन्व्होल्यूटेड वजनदार वाटतोय. चालेल का?

शाईचा_डाग:
अजिबात नको, त्याने पैठणीची निंदा होईल. आजच्या इंग्रजीत कॉन्व्होल्यूटेड म्हणजे विनाकारण वळसे घेत गेलेलं, आणि तो दोष समजला जातो. त्याची नेहमीची सोबत आर्ग्युमेंट, एक्स्प्लनेशन, लॉजिक, प्लॉट, सेंटेन्स यांच्याशी. चार ओळी संपल्या तरी क्रियापद येत नाही, अशा परिपत्रकातल्या वाक्याला तो चपखल बसतो.

इथे इन्ट्रिकेटच हवा. पैठणीत प्रत्येक रंगाचा बाणा, म्हणजे आडवा धागा, आपल्या भागापुरताच जातो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो आणि मागे फिरतो. म्हणून उलट्या बाजूला धागे लोंबत नाहीत. गुंता आहे, पण त्यातला एकही धागा काढता येणार नाही. बारीक, विचारपूर्वक केलेल्या आणि दाद द्यावी अशा कामालाच इन्ट्रिकेट म्हणतात. पॅटर्न, कार्व्हिंग, लेस, एम्ब्रॉयडरी यांच्याआधी तो सर्रास येतो.

मराठीतच पारखून घ्या. ‘उगाचच गुंतागुंतीचं’ म्हणता येत असेल तर कॉन्व्होल्यूटेड. ‘काय बारीक काम आहे!’ असं तोंडून निघत असेल तर इन्ट्रिकेट.

काठपदर:
पूर्ण सहमत. उरलेल्या दोघांचं: कॉम्प्लेक्समध्ये स्तुती नाही, निंदाही नाही. अनेक भाग एकमेकांवर अवलंबून आहेत, एवढंच. कॉम्प्लिकेटेडमध्ये ते समजायला किंवा हाताळायला जड जातं अशी कुरकुर असते. पाटीवर कॉम्प्लिकेटेड डिझाइन लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल, नक्षी डोळ्यांना त्रास देते आहे.

पाटी बोलून दाखवायची असेल तर उच्चार इन-ट्रि-किट, जोर पहिल्या अक्षरावर. शेवटी ‘केट’ म्हणण्याची चूक फार होते, कारण स्पेलिंग तसं दिसतं. नाम इन्ट्रिकसी, पण बारकावे या अर्थाने ते बहुधा अनेकवचनात येतं: इन्ट्रिकसीज.

नवा_अनुवादक:
मग ‘इन्ट्रिकेट बांगडी मोर डिझाइन, हँडवोव्हन’ असं करतो. पण मूत्रपिंडाच्या धड्यात कॉन्व्होल्यूटेड ट्यूब्यूल असतं ना? तिथे कसली निंदा?

शाईचा_डाग:
तिथे कसलीच निंदा नाही. शरीरशास्त्राने शब्दाचा जुना, शब्दशः अर्थ जपला आहे: गुंडाळलेलं, वळ्यावळ्यांचं. लॅटिनमधलं मूळ क्रियापदही गुंडाळणे याच अर्थाचं. मूत्रपिंडातल्या त्या नलिका खरोखरच नागमोडी असतात. मेंदूच्या पृष्ठभागावरच्या वळ्यांनाही याच मुळावरून कॉन्व्होल्यूशन्स म्हणतात. वस्तूचा आकारच वेटोळ्यांचा असेल तर शब्द निर्दोष. विचार, भाषा किंवा कार्यपद्धती यांच्याबद्दल आला की टीका.

पाटीवर मात्र एक दुरुस्ती करा. नुसतं ‘बांगडी मोर’ परदेशी पाहुण्याला कळणार नाही, पुढे ‘बांगडीच्या आकाराच्या वर्तुळातले मोर’ हा खुलासा इंग्रजीत जोडा. आणि विणकामालाच विशेषण लावायचं असेल तर ‘इन्ट्रिकेटली वोव्हन’ लिहा, ‘इन्ट्रिकेट वोव्हन’ नाही.