चर्चा : सैनिकांच्या मुलांसाठी शाळेने थांबायचे का?

खारघरकर (धागाकर्ती)
आमच्या शाळेच्या पालकगटावर परवा एका गृहस्थांनी लिहिले की फौजींच्या मुलांना शाळा बदलण्याची सवयच असते, त्यांच्यासाठी वर्ग खोळंबून ठेवू नये. यजमानांची नेमणूक फील्डवर झाली. तेथे कुटुंब नेता येत नाही, त्यामुळे आम्ही मायलेकी ऐन नोव्हेंबरात जम्मूहून खारघरला आलो. सातवीतली मुलगी घरी मराठीच बोलते, पण ती लिहिण्याची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. पहिल्या चाचणीत तिने ‘शाळा’ची ‘शाला’ केली, ‘पाणी’चे ‘पानी’ केले आणि प्रत्येक शब्दाभोवती लाल गोल असलेला पेपर घरी आणला. वर्गशिक्षिका म्हणाल्या, शिकवणी लावा. वर्षाच्या मध्यात आलेल्या मुलाची सत्रभर उजळणी घेणे आणि सोबतीला वर्गातलेच एखादे मूल देणे, एवढेही शाळेला जड आहे का?

पाचपाखाडीच्या बाई
सैनिकांविषयी आदर आहेच. परंतु भरगच्च वर्ग सांभाळून निवडणुकीची कामेही करणाऱ्या शिक्षिकेने ही उजळणी नेमकी केव्हा घ्यायची, हेही आपण सांगावे. शिवाय मराठीत सवलतीची भाषा सुरू झाली की माझा संयम सुटतो. २०२०च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली, आणि २०२३ साली शासनानेच करोनाची सबब सांगून राज्य मंडळ सोडून अन्य मंडळांच्या विद्यार्थ्यांच्या एका तुकडीला मराठीत गुणांऐवजी श्रेणी देऊन टाकली. माझ्या पाहण्यातल्या बड्या शाळांत मराठीचा तास म्हणजे इतर विषयांचा अपुरा राहिलेला अभ्यासक्रम उरकण्याची हक्काची जागा झाली आहे.

खारघरकर
बाई, मी सवलत मागितलेलीच नाही. शिकवा, एवढेच म्हटले आहे.

वाशीचा बँकवाला
बदल्या आम्हा बँकवाल्यांच्याही होतात. माझ्या मुलाच्या कानावर सुरतेत गुजराती पडली आणि हुबळीत कन्नड. त्याला कोणी सोबती नेमून दिला नव्हता. फौजींसाठी निदान १९६३पासून केंद्रीय विद्यालये आहेत. ती सोडून खासगी शाळेत जायचे आणि वर तक्रार करायची, हे पटत नाही.

करंजाची लेक
माझे वडील नौदलात होते. उरणजवळ करंजा, मग विशाखापट्टणम, मग कोची, असे माझे शिक्षण केंद्रीय विद्यालयांतच झाले. गाव बदलले तरी एनसीईआरटीची पुस्तके तीच असत, म्हणून अभ्यास तुटला नाही. इथवर बँकवाल्या काकांचे म्हणणे मान्य. मात्र सातवीतल्या मुलीने खारघरहून केंद्रीय विद्यालयात रोज ये-जा कशी करायची, हे त्यांनी नकाशा उघडून सांगावे. राहता राहिली सवय. ती लागते मैत्री न करण्याची. पुढे पुढे मी मधल्या सुट्टीत डबा घेऊन एकटीच वर्गात बसू लागले, कारण निरोप घ्यायचाच आहे तर ओळख कशाला वाढवायची. शिक्षकांनी प्रगतिपुस्तकात लिहिले, ‘शांत व अभ्यासू’.

नौपाड्याचा वकील
शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५नुसार मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. परंतु शाळा बदलून मागण्याचा त्याच कलमातला हक्क विनाअनुदानित खासगी शाळेकडे चालत नाही. उजळणीविषयी तर कलमात अक्षरही नाही, तेव्हा धागाकर्तीची सारी भिस्त मुख्याध्यापकांच्या मर्जीवर आहे.

पाचपाखाडीच्या बाई
कायदा राहू द्या. मराठी घरातल्या मुलीला सातवीपर्यंत मराठी लिहिता येत नाही, हा दोष खारघरच्या शाळेचा की आईचा?

खारघरकर
आईचाच म्हणा. नवरा रजेवर येईल तेव्हाच घरी असतो. सामान बांधणे, क्वार्टर सोडणे, दाखला काढणे, भाड्याचे घर शोधणे हे सारे एकटीने निभावणाऱ्या बाईने बाराखडी गिरवून घेतली नाही, हा गुन्हा अवश्य नोंदवून घ्या.

वाशीचा बँकवाला
बिऱ्हाड हलवायला आमच्याकडेही काही पलटण येत नाही.

पाचपाखाडीच्या बाई
बँकवाले, आपण थोडे थांबा. खारघरकर, उपरोध पोहोचला. मुलीला शनिवारी सकाळी व्हिडिओ कॉलवर बसवा, शुद्धलेखन मी करून घेईन. शिकवणीचे पैसे विचारू नका. मात्र हे शाळेने करायला हवे होते, असे माझ्याकडून वदवून घेऊ नका.