नव्या नगरपरिषदेचे पहिले अंदाजपत्रक: तलावाचे सुशोभीकरण की जुन्या जलवाहिन्या?

तळ्याकाठचा

आमच्या नगरपरिषदेवर जवळजवळ चार वर्षे प्रशासक होते. 2 डिसेंबर 2025 रोजी मतदान झाले, 21 डिसेंबरला निकाल लागला आणि आता थेट जनतेतून निवडून आलेल्या नगराध्यक्षांसह नवे सभागृह पहिले अंदाजपत्रक मांडणार आहे. प्रचारात सर्वच पॅनेलांनी तलावाचे सुशोभीकरण, स्वागत कमान आणि कारंजे यांची आश्वासने दिली होती. गावठाणात मात्र नळाला अजूनही तीन दिवसांआड पाणी येते. बाजारपेठेच्या चौकातील व्हॉल्व्हला गळती थांबवण्यासाठी सायकलची ट्यूब गुंडाळलेली आहे आणि पाणी सुटले की तिच्या कडेने धार लागून ते थेट गटारात जाते. सुशोभीकरण रद्द करून तो निधी जलवाहिन्या बदलण्यासाठी वापरावा, असे निवेदन आम्ही काही नागरिक देणार आहोत. परंतु निधी असा वळवता येत नाही, असे आम्हाला कार्यालयातून तोंडी सांगण्यात आले. हे खरे आहे, की केवळ टाळाटाळ आहे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त लेखापाल

आपल्याला मिळालेले उत्तर बरेचसे खरे आहे, पण अपुरे आहे.

लहान नगरपरिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि बाजार फी. जकात गेल्यापासून कर्मचाऱ्यांचे पगार मुख्यतः शासनाच्या सहायक अनुदानावर अवलंबून असतात. मोठी बांधकामे होतात ती नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण कामांचे विशेष अनुदान, दलित वस्ती सुधारणा अशा योजनांमधून, आणि हा पैसा कामाच्या नावानिशी मंजूर होतो. तलावासाठी आलेली रक्कम शासनाच्या मान्यतेशिवाय जलवाहिनीवर खर्च करता येत नाही. काम नाकारले तर ती परत जाते. त्यामुळे ‘रद्द करा आणि वळवा’ ही मागणी सभागृहात पहिल्या पाच मिनिटांत निकालात निघेल.

आपण हात घालायला हवा तो दुसऱ्या ठिकाणी. अशा बहुतेक योजनांत नगरपरिषदेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो आणि तो जातो स्वतःच्या उत्पन्नातून, म्हणजे ज्या पैशातून व्हॉल्व्ह बदलायचे त्याच पैशातून. काम पूर्ण झाल्यावर कारंज्याचे वीजबिल, रखवालदाराचा पगार आणि बागेची निगा यांसाठी कोणतीही योजना पैसे देत नाही. हा खर्च दरवर्षी महसुली, म्हणजे नेहमीच्या खर्चाच्या, बाजूला येऊन बसतो. माझ्या नोकरीच्या काळात मी एका उद्यानाचा पंप पहिल्याच पावसाळ्यानंतर बंद पडलेला पाहिला. दुरुस्तीची तरतूद नव्हती म्हणून तो तसाच गंजला आणि ठेकेदाराचे अंतिम देयक मात्र वेळेवर अदा झाले. ही गोष्ट मला आजही सलते.

म्हणून निवेदनात पुढील माहिती मागा: स्वहिश्श्याची रक्कम किती आणि कोणत्या लेखाशीर्षातून (खर्चाच्या खात्यातून) जाणार, पुढील पाच वर्षांचा देखभाल खर्च किती, आणि तो भागवण्यासाठी कोणता खर्च कमी होणार. त्याचबरोबर केंद्राकडून आलेल्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचा हिशेब मागा. आपल्यासारख्या शहरांना मिळालेल्या त्या निधीतील 60 टक्के भाग पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बंधित होता. तो कोठे खर्च झाला आणि किती अखर्चित राहिला, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

अंदाजपत्रक हातात आल्यावर आधी शेवटची शिलक पाहू नका. मागील वर्षाची प्रत्यक्ष जमा आणि पुढील वर्षाची अपेक्षित जमा हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचा. वसुलीचा आकडा एकाच वर्षात फुगलेला दिसला, तर त्याच्या भरवशावर दाखवलेली कामे कागदावरच राहणार, असे समजावे.

घाटमाथा

वरील विवेचन मला मान्य आहे, परंतु सुशोभीकरण म्हणजे उधळपट्टी असे सरसकट म्हणणे योग्य होणार नाही. वेंगुर्ल्याने आणि पाचगणीने कचरा टाकण्याच्या जागांचे रूपांतर लोक पाहायला येतील अशा ठिकाणांत केले. तेथे आधी कचऱ्याचे वर्गीकरण घरोघरी लावून धरले गेले आणि देखणेपण त्या कामातून आले. आपल्या तलावात सांडपाणी मिसळत असेल, तर ते अडवण्याचे काम त्याच आराखड्यात समाविष्ट करण्याची मागणी करा. काठावर फरशी बसवायची आणि पाण्याला दुर्गंधी तशीच ठेवायची, याला मात्र माझा ठाम विरोध आहे.

कृष्णाकाठ

पाण्याच्या बाबतीत कराडलगतच्या मलकापूरचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. तेथे महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या साहाय्याने चोवीस तास पाणीपुरवठ्याची योजना उभी राहिली. प्रत्येक नळाला मीटर बसला आणि वापर वाढेल तसा दर वाढत जाईल, अशी टप्प्याटप्प्याची आकारणी ठेवण्यात आली. यातील अवघड भाग मीटरचा होता, नळाचा नव्हे. आपल्याकडे वार्षिक ठोक पाणीपट्टी असते, थकबाकी साचत जाते आणि ती वसूल करण्याचे नाव निवडणुकीच्या तोंडावर कोणीही काढत नाही. म्हणून तळ्याकाठचा यांना माझी विनंती आहे की, निवेदनावर सही करणाऱ्यांनी आपली पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या सोबत जोडाव्यात आणि मीटर बसवून घेण्याची तयारीही लिहून द्यावी. मीटरला नकार आणि रोज पाण्याचा आग्रह, या दोन्ही गोष्टी एकत्र चालणार नाहीत.

तळ्याकाठचा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रद्द करण्याची मागणी काढून टाकून स्वहिस्सा, देखभाल खर्च आणि वित्त आयोगाचा निधी या तीन मुद्द्यांवर निवेदन नव्याने लिहीत आहोत. मीटरच्या मुद्द्यावर आमच्यातच मतभेद आहेत. भाडेकरूंच्या घरी बिल कोणी भरायचे, हा प्रश्न आमच्या गल्लीतच सुटलेला नाही. पण पावत्या जोडण्याची सूचना सर्वांनी मान्य केली. सभेपूर्वी कागदपत्रे पाहायला मिळू शकतात का?

निवृत्त लेखापाल

अंदाजपत्रकासाठी फेब्रुवारीत विशेष सभा होते, त्यामुळे थांबू नका. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्यासाठी 30 दिवसांची मुदत असते आणि तोवर सभा होऊन गेलेली असेल. अर्ज आजच द्या, पण त्यावर विसंबून राहू नका. राज्य शासनाच्या 2018 च्या निर्णयानुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना नगरपरिषदेच्या कार्यालयात अभिलेख पाहता येतात. तेथे तलावाच्या कामाचा प्रशासकीय मान्यता आदेश मागा. स्वहिश्श्याची अट त्याच आदेशात लिहिलेली असते. निवेदनाची प्रत आपल्या प्रभागातील दोन्ही नगरसेवकांना सभेपूर्वी द्या आणि पोच घ्या, कारण सभागृहात उपसूचना (ठरावात बदल सुचवणारी सूचना) मांडण्याचा अधिकार त्यांचा आहे.