महालातील आमच्या गल्लीची भिंत: चित्र काढायचे आहे, सल्ला हवा

महालवासी

नमस्कार. नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या गल्लीच्या तोंडाशी आमच्या वाड्याची सुमारे ६० फूट लांब आणि ८ फूट उंच कुंपणभिंत आहे. आतून ती चुन्यातल्या विटांची आहे आणि वडिलांनी पंधराएक वर्षांपूर्वी तिला बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. शिकवणी वर्गांची पत्रके, मूळव्याधीवरील हमखास उपचार, बाण घुसलेले बदाम आणि खर्ऱ्याच्या (सुपारी-तंबाखूच्या) पिचकाऱ्या हे सर्व तिने आजवर निमूटपणे सोसले आहे. मागच्या निवडणुकीआधी कोणीतरी रात्रीतून चुन्याची चौकट आखून तीत 'राखीव' असे लिहून गेले, आणि आपली भिंत राखीव झाल्याचे आम्हाला सकाळी दूधवाल्याकडून कळले.

गल्लीतल्या मुलामुलींनी आता या भिंतीवर मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवत नेऊन जाळल्या जाणाऱ्या अनिष्टाच्या पुतळ्याच्या, मिरवणुकीचे मोठे चित्र काढण्याचे ठरवले आहे. ज्येष्ठांपैकी काहींना त्याऐवजी संतवचने हवी आहेत, पण तो वाद आम्ही घरातच मिटवू. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. परवानगी कोणाची लागते? नागपूरच्या उन्हापावसात असे चित्र टिकवायचे कसे? आणि तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. गल्लीतलाच एक मुलगा रात्री स्प्रेच्या डब्याने या भिंतीवर मोठमोठी वळणदार अक्षरे काढून जातो. तो कोण आहे हे सर्वांना ठाऊक आहे. नवे चित्र झाल्यावर त्याने त्यावरही हात चालवला तर काय करावे?

जुना बोर्डपेंटर

महालवासी, मी तीस वर्षे दुकानांच्या पाट्या आणि भिंती रंगवल्या. फ्लेक्स आल्यावर पाट्या संपल्या, भिंती राहिल्या. तुमच्या प्रश्नातला सर्वांत महत्त्वाचा शब्द मारबत नसून 'सिमेंटचा गिलावा' हा आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

चुन्यातली जुनी भिंत जमिनीतून ओल ओढते आणि तीच ओल आपल्या अंगातून बाहेर सोडतेही. तिच्यावर सिमेंटचा थर चढवला की तो श्वास कोंडतो. ओल आतच राहते, क्षार गिलाव्याच्या मागे साचतात, कोरड्या हवेत त्यांचे स्फटिक होऊन फुगतात आणि गिलाव्याला बाहेर ढकलतात. ज्याला आपण लोणा लागणे म्हणतो, ते हेच. अशा भिंतीवर तुम्ही कितीही महागडा रंग लावा, दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत त्याचे पोपडे हातात येतील, आणि मग लोक रंगाच्या कंपनीला शिव्या देतील.

म्हणून चित्राचा कागद हातात घेण्याआधी दोन चाचण्या करा. एक रुपयाचे नाणे घेऊन भिंतीवर वीतभर अंतराने वाजवत जा. जिथे खणखणीत आवाज न येता बद्द आवाज येतो, तिथे गिलावा विटेपासून सुटलेला आहे असे समजा आणि खडूने खूण करा. मग फूटभर लांबीरुंदीचे पॉलिथिनचे तुकडे चारही बाजूंनी चिकटपट्टीने पक्के बंद करून भिंतीच्या खालच्या, मधल्या आणि वरच्या भागावर दोन दिवस लावून ठेवा. तुकड्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, तर ओल भिंतीच्या पोटातून येते आहे.

खालच्या भागात ओल निघेल असा माझा अंदाज आहे. तसे झाल्यास खालचे तीन फूट सिमेंट काढून टाका, तिथे चुन्याचा गिलावा करा आणि त्या पट्ट्यावर चित्र काढूच नका. चुन्यात गेरू कालवून तो पट्टा तांबडा ठेवा. तो भाग श्वास घेत राहील, पिचकाऱ्या त्यावर फारशा दिसणार नाहीत आणि दर दिवाळीला शेदोनशे रुपयांत नवा हात मारता येईल. आपल्या आज्यांनी घराच्या जोत्याला गेरूचा पट्टा शोभेसाठीच दिला होता असे नाही.

वरच्या पाच फुटांचे, म्हणजे सुमारे ३०० चौरस फुटांचे, काम सोपे आहे. बद्द वाजणारा गिलावा पाडून तेवढाच भाग पुन्हा करावा, आणि नव्या गिलाव्याला किमान २८ दिवस द्यावेत, कारण ताज्या सिमेंटचा खार रंग खातो. लोणा तारेच्या ब्रशने कोरडाच खरवडावा. तो धुऊ नये, धुतल्याने क्षार विरघळून पुन्हा आत जातात. मग बाहेरच्या भिंतीसाठीचा प्रायमर आणि त्यावर अॅक्रिलिक इमल्शनचे दोन हात. एक लिटर इमल्शन दोन हातांत साधारण ५० चौरस फूट भरते, म्हणजे तळरंगाला सहा लिटर पुरतील. डिस्टेंपर बाहेर टिकत नाही. ऑइलपेंट चमकतो म्हणून मुलांना मोह होईल, पण ओलसर भिंतीवर तो पापुद्र्यासारखा सोलून निघतो. चित्रावर शेवटी चकचकीत वार्निश मारण्याचा सल्ला कोणी दिलाच, तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

रंगांची निवड उन्हाला विचारून करा. गेरू, पिवडी (पिवळी माती) आणि काजळी हे मातीचे व धुराचे रंग ४५ अंशांतही हलत नाहीत. भडक गुलाबी आणि चमकते नारिंगी रंग पश्चिमेच्या भिंतीवर वर्षभरात फिके पडतात. मारबत काळी आणि पिवळी असल्याने तुमचा विषय योगायोगाने टिकाऊ रंगांचाच आहे. काम दसऱ्यानंतर सुरू करून होळीच्या आत संपवा. मे महिन्यात रंग ब्रशवरच वाळतो आणि एकसारखा पसरत नाही.

हे सर्व मी पोथीतून सांगत नाही. एका संस्थेच्या भिंतीवर आम्हाला उद्घाटनासाठी जूनच्या पहिल्या आठवड्यात चार दिवसांत मोर रंगवायला लावला होता. भिंत ओली आहे असे मी दोनदा सांगितले. पोळ्यापर्यंत मोराचा अर्धा पिसारा जमिनीवर आला होता आणि दोष रंगाऱ्याच्या माथी आला.

कोर्टाच्या वाटेवर

परवानगीपुरते लिहितो. महाराष्ट्रात १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा लागू आहे. लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागेवर स्थानिक प्राधिकरणाच्या लेखी परवानगीशिवाय काही रंगवणे, लिहिणे वा चिकटवणे हा त्यानुसार गुन्हा ठरू शकतो, आणि त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. भिंत तुमची स्वतःची असली तरी ती रस्त्याला तोंड करून आहे, त्यामुळे महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात रेखाटनासह अर्ज देऊन त्याची पोच घेणे शहाणपणाचे आहे. वाड्याच्या सर्व हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या. महालातल्या वाड्यांत हीच पायरी सर्वांत अवघड असते, हे मी अनुभवाने सांगतो. वाडा वारसा यादीत असेल, तर वारसा समितीकडेही जावे लागेल.

आणखी एक गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. चित्र झाल्यावर भिंत तुमची, पण त्या चित्रावर चित्रकाराचे काही हक्क उरतात. प्रताधिकार (कॉपीराइट) कायदा, १९५७ याच्या ५७ व्या कलमानुसार, कलाकृतीची मोडतोड करून कलावंताच्या लौकिकाला बाधा आणली तर तो दाद मागू शकतो. शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे दिल्लीच्या विज्ञान भवनातील कांस्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवून गोदामात टाकले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये निकाल देताना शिल्पाचे अवशेष त्यांना परत करण्याचा आणि पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. तुमच्या गल्लीत कोणी खटला भरणार नाही, परंतु पुढे भिंत पाडायची वा पुन्हा रंगवायची झाल्यास चित्रकारांना किती दिवस आधी कळवायचे, हे एका कागदावर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या केलेल्या बऱ्या.

सायकलवरून नागपूर

मी थोडा विरोधी सूर लावतो. मार्च २०२३ मध्ये सी-२० च्या, म्हणजे जी-२० देशांतल्या नागरी संस्थांच्या, बैठकीसाठी शहर सजवले गेले, तेव्हा भिंतीही रंगल्या. तेव्हापासून मी सायकलवरून जाताना मोजत असतो: वाघ, संत्री, झाड, पक्षी, योगासन करणारी स्त्री, आणि पुन्हा वाघ. वाघ आमचाच आहे, संत्रीही आमचीच आहेत, पण चौरस फुटाच्या दराने काढलेले चित्र कोणत्याही गल्लीचे होत नाही. माझ्या रोजच्या वाटेवरील अशाच एका भिंतीवरच्या वाघाच्या जबड्यावर सध्या भाड्याने खोली देण्याचे पत्रक चिकटलेले आहे, आणि ते काढावे असे तिथे राहणाऱ्या कोणालाही वाटत नाही.

मुंबईत २००९ मध्ये तुळशी पाइप रस्त्याच्या लांबलचक भिंतीवर सामान्य नागरिकांनी येऊन चित्रे काढली. दिल्लीच्या लोधी कॉलनीत देशोदेशींच्या चित्रकारांनी सरकारी वसाहतीच्या भिंती रंगवल्या. लोधी कॉलनी पाहायला लोक दुरून येतात, हे खरे आहे. पण भिंतीमागच्या घरातल्या माणसाने खिडकीतून डोकावून 'हा डोळा जरा तिरका झाला' असे म्हणण्याचा अधिकार त्याला वाटला पाहिजे, आणि तो पाहुण्या चित्रकारापुढे सहसा वाटत नाही. म्हणून मारबतीचा विषय मला पटतो. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते. 'घेऊन जा गे मारबत' ही आरोळी लहानपणी ज्याने दिली नाही, असा महालकर मला अद्याप भेटलेला नाही. एकच विनंती आहे: बडग्याचे, म्हणजे मारबतीसोबत निघणाऱ्या पुरुषी पुतळ्याचे, चित्र काढणार असाल, तर त्याच्या गळ्यातली पाटी कोरी ठेवा. बडग्या दर वर्षी नव्या अन्यायाच्या नावाने निघतो, तेव्हा पाटीवरचा मजकूरही दर वर्षी गल्लीनेच बदलावा.

शिरोरेषा

तिसऱ्या प्रश्नाकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहिते. मी अक्षरलेखन शिकवते. असा मुलगा दिसला की लोक त्याला विद्रूपीकरण करणारा म्हणतात, आणि कायद्याच्या दृष्टीने ते चूक नाही. तरीही त्याची अक्षरे एकदा दिवसा उजेडी नीट पाहा. ग्राफिटी म्हणून आज जे जगभर ओळखले जाते, ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया आणि न्यूयॉर्क येथील मुलांनी स्वतःची नावे भिंतींवर व रेल्वेच्या डब्यांवर लिहिण्यातून वाढले. त्यामुळे आपली मुलेही बहुधा रोमन अक्षरांचीच नक्कल करतात. मराठीत मात्र त्यांना असे काही हाताशी आहे, जे रोमनमध्ये नाही. मोडी लिहिताना कारकून आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढत असे आणि मग तिला अक्षरे टांगत, हात न उचलता लिहीत जात असे. साठ फुटांची भिंत, एकच अखंड रेघ आणि तिला लोंबकळणारी अक्षरे, असा विचार करून पाहा. स्प्रेच्या डब्याला यापेक्षा योग्य लिपी मला तरी सुचत नाही.

त्याला पकडू नका, कामाला लावा. मारबतीच्या मिरवणुकीत आरोळ्या असतात, त्या चित्रात कोणीतरी लिहायला हव्यातच. शिवाय स्प्रेने लिहिणाऱ्यांमध्ये, निदान जुन्या रिवाजाप्रमाणे, स्वतःपेक्षा सरस कामावर रंग मारणे कमीपणाचे समजले जाते. चित्र सुमार झाले, तर मात्र त्याचा हात थांबेल याची मी हमी देत नाही.

महालवासी

सर्वांचे आभार. पेंटरकाका, तुमचा अंदाज खरा ठरला. पॉलिथिनचे पाच तुकडे लावले होते, त्यांपैकी खालच्या तिन्हींत थेंब जमले, मधल्यात आणि वरच्यात नाहीत. नाण्याने भिंत वाजवायला गल्लीतली पोरे इतकी जमली की खडूच्या खुणा कोणाच्या खऱ्या आणि कोणाच्या गमतीच्या, हे ठरवण्यासाठी पुन्हा वाजवावे लागले. एकूण सात जागा बद्द निघाल्या. खालचे तीन फूट उतरवण्याचे ठरले आहे. चुन्याचे काम अजून करणारा एक गवंडी चितारओळीच्या पलीकडे मिळाला. तो प्रथम 'आता चुना कोण लावतं' असे म्हणाला, मग भिंत पाहून गेला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःहून आला.

हिस्सेदार पाच आहेत, सह्या चार झाल्या. पाचवे काका पुण्याला असतात आणि चित्रात संतवचन असल्याशिवाय सही देणार नाहीत, असे त्यांनी कळवले आहे. तो मुलगा परवा घरी आला होता. शिरोरेषाताई, तुमचा प्रतिसाद मी त्याला वाचून दाखवला. त्याने मोडीची वही कुठे मिळेल एवढेच विचारले आणि भिंतीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पावले मोजत निघून गेला.