रिटेल स्टोअर मॅनेजमेंटची मुलाखत : फ्रेशरने नेमकी काय तयारी करावी?

सदाशिवपेठी
बी.कॉम. नुकतंच झालंय. विमाननगरच्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या मोठ्या दुकानात डिपार्टमेंट मॅनेजर ट्रेनीसाठी शुक्रवारी मुलाखत आहे. आधी एचआर, मग स्टोअर मॅनेजर. दुकानात काम केल्याचा अनुभव शून्य. 'स्वतःबद्दल सांगा'ची उत्तरं नेटवर ढिगाने आहेत, ती नकोत. स्टोअर मॅनेजर काय खोदून विचारतो? आकडेमोड किती लागते?

हिशोबी
आकडेमोड शाळेतलीच, पण तोंडी करायला लावतात. समज, ८०० लोक आत आले, २०० बिलं झाली, ५०० नग गेले, विक्री ३ लाख. म्हणजे कन्व्हर्जन (आलेल्यांमागे किती बिलं झाली) २५ टक्के, सरासरी बिल १,५०० रुपये, बिलामागे अडीच नग. व्याख्या पाठ करून भागत नाही, कारण पुढचा प्रश्न असा येतो : "फुटफॉल (आत येणारी गर्दी) तोच, कन्व्हर्जन तेच, तरी विक्री पडली. कुठे बघशील?" उरलं फक्त सरासरी बिल. ते नग कमी गेल्याने पडलं की स्वस्त माल जास्त गेल्याने, हे बिलामागच्या नगांवरून कळतं.

मार्जिन आणि मार्कअपमध्ये घोळ नको. जीएसटी बाजूला ठेव. ६० ला घेतलेला शर्ट १०० ला विकला तर मार्जिन, म्हणजे विक्री किमतीवरचा नफा, ४० टक्के. ६७ टक्के म्हणालास की तो मार्कअप, म्हणजे खरेदी किमतीवरचा नफा, झाला. बी.कॉम.वाल्याकडून ही चूक जरा जास्तच खटकते.

टार्गेटला ३० ने भागू नकोस. महिन्याचं टार्गेट ३० लाख, शनिवार-रविवार मिळून ८ दिवस, आणि त्या दिवशी धंदा दुप्पट धरला तर २२ + १६ = ३८ भाग. साध्या दिवशी साधारण ७९ हजार, सुट्टीच्या दिवशी १ लाख ५८ हजार. सरसकट रोज १ लाख धरलास तर मंगळवारी उगाच घाबरशील आणि रविवारी उगाच खूश होशील.

जीएसटीचंही विचारू शकतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्याहून महाग असेल तर १८. ही मर्यादा नगामागे आहे, बिलामागे नाही.

तुळशीबाग_ते_मॉल
अनुभव नाही ना, मग त्याच दुकानात दोनदा जाऊन ये. बुधवारी दुपारी एकदा, आणि मुलाखतीआधी शनिवार उरला असेल तर त्या संध्याकाळी सातला. बाहेरच्या पॅसेजमध्ये अर्धा तास थांबून आत किती जातात आणि पिशवी घेऊन किती बाहेर येतात ते मोज. चौघांचं कुटुंब एक पिशवी घेऊन निघतं, म्हणून कन्व्हर्जन कमी दिसतं. दारावरच्या माणसं मोजणाऱ्या काउंटरला पोरंटोरंही गिऱ्हाईकच वाटतात.

आत गेल्यावर रॅक नीट बघ. दर्शनी स्टँडवर एकाच डिझाइनचे एक्सएस आणि डबल एक्सएल लटकलेत, मधले एम-एल गायब, म्हणजे साइज तुटलेत. माल भरपूर दिसतो, विकायला काही नाही. मग ट्रायल रूमबाहेरची दांडी बघ. तिथे पंचवीस-तीस कपडे साचले असतील तर ते हरवलेले एम-एल बहुधा तिथेच असतात. हे निरीक्षण मुलाखतीत सांग, पण टीकेच्या सुरात नको. "दर अर्ध्या तासाला एकाने दांडी रिकामी करावी" असा उपायही जोड.

सदाशिवपेठी
वही काढून मोजत बसलो तर सिक्युरिटीवाले हटकतील ना?

तुळशीबाग_ते_मॉल
वही कशाला, मोबाइलवर आकडे टिपून घे. फोटो मात्र काढू नकोस.

शटर_अर्धं
वरचं सगळं बरोबर आहे, पण गडी गळतो तो माणसं सांभाळण्याच्या प्रश्नावर. रोस्टर, म्हणजे ड्युटी-सुट्टीचा तक्ता, मांडून दाखव म्हणतात. १२ जण, प्रत्येकाला आठवड्यात एक सुट्टी, शनिवार-रविवार कोणालाच नाही. १२ सुट्ट्या पाच दिवसांत : २, २, २, ३, ३. तीनवाले दिवस सोमवार-मंगळवार ठेव. माल उतरवायचा दिवस टाळ, नाहीतर खोके सोडवायला हात कमी पडतात.

शॉर्टेजचा प्रश्न म्हणजे सापळा. सिस्टिममध्ये १,००० नग, हातात ९८५. "स्टाफ चोरतो" हे उत्तर दिलंस की संपलं. आधी इनवर्डची (दुकानात आलेल्या मालाची) नोंद, दुसऱ्या ब्रँचला गेलेला माल, आल्टरेशनला टेलरकडे पडलेले नग आणि चुकीचं स्कॅनिंग तपासायचं. दोन रंगांचे शर्ट एकाच बारकोडवर दोनदा मारले की एक रंग कमी भरतो, दुसरा तेवढाच जास्त. चोरीचा विचार त्यानंतर.

शेवटी तुला काही विचारायचंय का म्हणतील तेव्हा शिफ्टच्या वेळा, क्लोजिंग किती वाजता, पगारात हातात किती आणि इन्सेंटिव्ह किती, हे सरळ विचार. दसरा-दिवाळीत रजा मिळेल का, हे मात्र विचारू नकोस. मिळत नाही.

आणि मुलाखत सकाळी मॉल उघडण्याआधीची असेल तर आदल्या दिवशी फोन करून कोणत्या गेटने यायचं ते विचारून ठेव. मुख्य दरवाजे बंद असतात, स्टाफची वाट वेगळी असते, आणि तिथे ओळखपत्र दाखवून एंट्री करण्यात पंधरा मिनिटं सहज जातात.