जर्मनीत पदव्युत्तर अभियांत्रिकी: मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, तयारीचा क्रम कसा लावावा?

मिरजेचे पालक

नमस्कार. माझी मुलगी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असून पदवीनंतर जर्मनीत वाहन अभियांत्रिकीचे पदव्युत्तर शिक्षण घेण्याची तिची इच्छा आहे. मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे आणि आमच्या घरातून परदेशी शिकायला जाणारी ती पहिलीच. जर्मनीत शिक्षण मोफत असते असे सर्वत्र ऐकायला मिळते. परंतु आम्ही ज्या सल्ला केंद्रात गेलो, तेथे एका खासगी विद्यापीठाचे नाव सुचवून दोन वर्षांच्या शुल्काचा मोठा आकडा आमच्यापुढे ठेवण्यात आला. पदवी हातात आल्यावर तयारी सुरू केली तरी चालेल, असेही तेथे सांगण्यात आले. या दोन्ही गोष्टी कितपत बरोबर आहेत, खर्च नेमका किती धरावा आणि आज कोणते काम हाती घ्यावे, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

आखेनची विद्यार्थिनी

काका, नमस्कार. शुल्काबाबत आपण ऐकलेल्या दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या आहेत. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही, प्रत्येक सत्राला साधारण १०० ते ४०० युरोंची वर्गणी तेवढी भरावी लागते आणि अनेक ठिकाणी तीत स्थानिक प्रवासाचा पासही येतो. खासगी विद्यापीठे मात्र पूर्ण शुल्क घेतात. केंद्रांना अशा संस्थांकडून प्रवेशामागे मोबदला मिळण्याची पद्धत आहे, तेव्हा त्यांची शिफारस ऐकताना हे ध्यानात ठेवावे. सरकारी विद्यापीठांतही अपवाद आहेत. स्टुटगार्ट आणि कार्ल्सरूह ज्या राज्यात येतात त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरील विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, तर म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने २०२४-२५ च्या हिवाळी सत्रापासून नव्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रमांना सत्राला ४,००० ते ६,००० युरो शुल्क लावले आहे. डीएएडी या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर शुल्क, माध्यम आणि विषय यांनुसार अभ्यासक्रम शोधता येतात. ते काम मुलीने स्वतः करावे, त्यासाठी कोणाला पैसे देण्याची गरज नाही.

पदवीनंतर तयारी सुरू करण्याचा सल्ला मात्र कृपया मानू नका. येथील जर्मन विद्यापीठे केवळ गुण पाहत नाहीत. गणित, यामिकी, उष्मागतिकी, नियंत्रण प्रणाली अशा प्रत्येक विषयगटात अर्जदाराने किती श्रेयांकांचे (क्रेडिटचे) शिक्षण घेतले आहे, हे अभ्यासक्रमपत्रिका समोर ठेवून मोजतात. एखाद्या गटात श्रेयांक कमी पडले, तर उत्तम गुण असूनही अर्ज नाकारला जातो. आपली मुलगी तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे शेवटच्या वर्षाचे वैकल्पिक विषय निवडणे अजून तिच्या हातात आहे. मनाजोग्या पाच-सहा अभ्यासक्रमांच्या अटी आजच वाचून, कमी पडणारा विषय वैकल्पिक म्हणून घेता येतो का हे तिने पाहावे. पदवी झाल्यावर ही संधी उरत नाही, म्हणून हे मी आग्रहाने लिहिते आहे. सर्व सत्रांचा विद्यापीठमान्य अभ्यासक्रम, तासिकांच्या संख्येसह, आत्ताच मिळवून ठेवावा.

गुणांचे रूपांतर सुधारित बव्हेरियन सूत्राने होते: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करायचे, त्या वजाबाकीला कमाल आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्यातील फरकाने भागायचे, तिनाने गुणायचे आणि त्यात एक मिळवायचा. दहापैकी ८ गुणांक असून उत्तीर्णतेची मर्यादा ४ असेल तर जर्मन श्रेणी २.० येते, तीच मर्यादा ५ धरली गेली तर २.२ येते. जर्मन श्रेणीत लहान आकडा चांगला आणि अनेक ठिकाणी २.५ ही प्रवेशाची सीमा असते. म्हणून उत्तीर्णतेची किमान मर्यादा गुणपत्रकावर किंवा विद्यापीठाच्या पत्रावर स्पष्ट छापलेली असावी.

भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक आहे. दिल्लीतील एपीएस कार्यालय कागदपत्रांची सत्यता तपासून ते देते आणि त्याचे शुल्क १८,००० रुपये आहे. हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होते आणि त्याच्या अर्जाची सर्वसाधारण अंतिम तारीख १५ जुलै असली, तरी परदेशी अर्जदारांसाठी अनेक अभ्यासक्रमांची मुदत वसंत ऋतूतच संपते. ती तारीख धरून मागे मोजावे आणि एपीएसला पुरेसे महिने ठेवावेत.

निवृत्त बँक अधिकारी, कोल्हापूर

गुरुजी, खर्चाविषयी लिहितो. व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाची रक्कम बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे ज्यातून दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते असे खाते) दाखवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो आहे. युरोचा दर १०० रुपये धरला तर हे जवळजवळ १२ लाख होतात. ही रक्कम शुल्क म्हणून जात नाही, मुलगी तेथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो याप्रमाणे तिलाच परत मिळते. परंतु ती सुरुवातीलाच एकरकमी उभी करावी लागते आणि बहुतेक कुटुंबांची ओढाताण येथेच होते.

शैक्षणिक कर्जात निर्वाहखर्च धरता येतो. सरकारी बँकांच्या प्रचलित योजनेत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहीत, त्यापुढे घर किंवा ठेव तारण ठेवावी लागते आणि परदेशी शिक्षणासाठी १५ टक्के वाटा स्वतःचा असावा लागतो. हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू होतात. मात्र व्याज पहिल्या दिवसापासून चढते, म्हणून शक्य असल्यास ते दरमहा भरत जावे. जमीन विकण्याचा विचार मनात असेल तर तो दूर ठेवावा, कारण तारणावर भागत असताना मालमत्ता गमावण्याचे कारण नाही.

जर्मनच्या शिक्षिका, पुणे

अभ्यासक्रम इंग्रजी माध्यमाचा असला तरी भाषा आजपासूनच सुरू करावी. पुण्यात मॅक्स म्युलर भवन आणि रानडे इन्स्टिट्यूट हे जुने व विश्वसनीय पर्याय आहेत, आणि मॅक्स म्युलर भवनाचे वर्ग ऑनलाइनही असतात. जाण्यापूर्वी भाषेची ए-२ (प्राथमिक), शक्य झाल्यास बी-१ (मध्यम) पातळी गाठली, तर वाहन उद्योगात शिकता शिकता काम मिळवणे पुष्कळ सोपे होते.

मिरजेचे पालक

सर्वांचा मनापासून आभारी आहे. आपली उत्तरे मुलीने वाचली असून ती आज महाविद्यालयात वैकल्पिक विषयांची चौकशी करणार आहे. एक शंका उरते. बंद खाते एका वर्षाचे आहे. दुसऱ्या वर्षाचा खर्च ती काम करून भागवू शकेल, असे धरून चालावे का?

आखेनची विद्यार्थिनी

काका, पूर्णपणे तसे धरू नये. मार्च २०२४ पासून परदेशी विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येते आणि त्यातून घरभाडे, आरोग्यविमा व जेवण यांचा बराचसा भाग निघू शकतो. परंतु पहिल्या सत्रात नोंदणी, घर आणि परीक्षा यांतच वेळ जातो, शिवाय निवास परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी पुढील खर्चाची सोय पुन्हा दाखवावी लागते. म्हणून कर्ज दोन्ही वर्षांसाठी मंजूर करून घ्यावे आणि दुसऱ्या वर्षाची रक्कम गरजेपुरतीच उचलावी. आणखी एक, प्रवेशपत्र येताच तेथील विद्यार्थी वसतिगृहासाठी अर्ज टाकावा, कारण मोठ्या शहरांत त्याची प्रतीक्षायादी कित्येक महिन्यांची असते.