"बजेट ग्राफिक्स कार्ड म्हणजे पैसे पाण्यात": हे अजिबात पटलेलं नाही

चाळीतला_गेमर (लालबाग)
परवा इथे एकाने ठणकावून लिहिलं: "तीस हजारांचं कार्ड घेणं म्हणजे पैसे पाण्यात. घ्यायचं तर एनव्हिडियाचं ४०९०, नाहीतर सरळ कन्सोल घ्या." माझ्या धाकट्या भावाने ते वाचलं आणि बाबांच्या मागे लागला. म्हणून सविस्तर उत्तर देतोय.

४०९० ऑक्टोबर २०२२ मध्ये आलं, १५९९ डॉलरला. त्याच कंपनीचं बजेट कार्ड ४०६० जून २०२३ मध्ये, २९९ ला. किंमत सव्वापाच पट. कोअर, म्हणजे चिपमधले हिशोब करणारे भाग, १६३८४ आणि ३०७२, तेही सव्वापाच पट. फ्रेम, म्हणजे सेकंदाला काढलेली चित्रं, मिळतात का सव्वापाच पट? ४केवर तिप्पट ते चौपट. १०८०पीवर त्याहूनही कमी, कारण तिथे कार्ड मोकळं बसतं आणि प्रोसेसरची दमछाक होते. १०८०पीच्या पडद्यावर २१ लाख पिक्सेल, ४केवर ८३ लाख. मोठ्या कार्डाची ताकद त्या ८३ लाखांसाठी आहे. आमच्या घरी ६० हर्ट्झचा मॉनिटर आहे, तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलणार. वरच्या फ्रेम कोणासाठी काढायच्या?

आणि वीज. ४५० वॉट विरुद्ध ११५. रोज चार तास पूर्ण ताकदीने चालवलं तर महिन्याला ५४ युनिट आणि १४ युनिट. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते. मे महिन्यात दहा बाय बाराच्या खोलीत, आई शेजारी झोपलेली असताना, मला ते नको.

रेंडरवाली_परळ
तुम्ही जगातले सगळे लोक गेमच खेळतात असं धरून लिहिलंय. मी इमारतींचे थ्रीडी व्ह्यू करून पोट भरते. दोन वर्षांपूर्वी तुमच्यासारखाच सल्ला ऐकून ८ जीबी मेमरीचं कार्ड घेतलं. एका टॉवरच्या लॉबीचा सीन होता, बाहेर झाडं, आत संगमरवर, सगळे टेक्श्चर (पृष्ठभागांवर चढवायची चित्रं) ४केचे. रात्री दीड वाजता 'आउट ऑफ मेमरी'. टेक्श्चर लहान केले, झाडं काढली, तरी तेच. शेवटी प्रोसेसरवर रेंडर (सीनचं पक्कं चित्र काढणं) लावला, सकाळी दहाला क्लायंटला द्यायचं होतं, तोपर्यंत निम्माही झाला नव्हता. ते काम गेलं, आणि पुढची दोन कामंही त्याच्यासोबत गेली.

गेममध्ये कार्ड कमी पडलं तर सेटिंग खाली आणता. रेंडरमध्ये सीन मेमरीत मावला नाही की एकतर तो मशीनच्या रॅमकडे धावतो आणि रांगतो, नाहीतर थांबतोच. आता २४ जीबी घेतलंय. कर्ज काढून घेतलंय आणि पाच महिन्यांत फेडलंय.

चाळीतला_गेमर
पण मी गेमबद्दलच लिहिलं होतं! ज्याने ती मूळ पोस्ट टाकली तोही गेमबद्दलच बोलत होता. तुमचं काम वेगळं आहे, ते इथे आणून मला खोटं का पाडताय?

रेंडरवाली_परळ
कारण तुमचा भाऊ उद्या ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर शिकेल. इथे वाचणारी निम्मी मुलं एकाच मशीनवर खेळतात आणि शिकतातही. तुम्ही त्यांना फक्त फ्रेम मोजायला शिकवताय.

वसईकर_७०
दोघंही नव्या कार्डांवर भांडताय. ३०६० चं १२ जीबीवालं सेकंडहँड घ्या की. २०२१ चं कार्ड, पण मेमरीचा रस्ता १९२ बिट रुंद, बँडविड्थ (मेमरीतून डेटा ये-जा करायचा वेग) सेकंदाला ३६० जीबी. नंतरच्या ४०६० ला ८ जीबी, १२८ बिट आणि २७२. पुढच्या पिढीचं कार्ड काढून मेमरी कमी केली, याचा राग कोणालाच येत नाही?

भांडुपकर
सेकंडहँडचं नाव काढू नका. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग (कार्डं रात्रंदिवस चालवून चलन कमावणं) बंद झालं आणि ती सगळी घासलेली कार्डं बाजारात आली. मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातल्या एका गाळ्यातून घेतलं. सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी, कच्चं बिल. एकोणिसाव्या दिवशी पडद्यावर रंगीत चौकोन आणि मग काळोख. परत गेलो तर "साहेब, तुमच्या एसएमपीएसने, पॉवर सप्लायने उडालं." सहा महिने ओव्हरटाइम करून साठवलेले पैसे होते.

सोल्डर_अण्णा (ग्रँट रोड)
त्या रस्त्यावर मी बावीस वर्षं रिपेरिंग करतोय, म्हणून बोलतो. मायनिंगचं कार्ड म्हणजे मेलेलं कार्ड, हे चूक आहे. बरेच मायनर व्होल्टेज कमी करून एकाच तापमानावर चालवायचे. चिप सहसा जात नाही. जातात पंख्याचे बेअरिंग आणि मेमरीवरचे, उष्णता बाहेर नेणारे थर्मल पॅड, आणि ते बदलता येतात. रोज तापून-गार होणारं, खाऱ्या हवेत खिडकीशी ठेवलेलं गेमिंग कार्ड मी जास्त वाईट अवस्थेत पाहिलंय.

भांडुपकर
तुमची लोकं गंडवणार आणि तुम्ही हवेला दोष देणार? पॅड बदलता येतात तर विकण्याआधी का बदलले नाहीत?

सोल्डर_अण्णा
"तुमची लोकं" म्हणू नका. एका गाळ्याने फसवलं म्हणून अख्खा रस्ता चोर होत नाही. कच्च्या बिलावर तुम्ही घेतलंत, १८ टक्के जीएसटी वाचावा म्हणूनच ना? माझ्याकडे आला असतात तर अर्धा तास समोर चालवून दाखवलं असतं.

भांडुपकर
हो, जीएसटी वाचवायला घेतलं. चुकलं. पण म्हणून दुकानदाराचं बरोबर ठरत नाही.

सोल्डर_अण्णा
नाही ठरत. हे मान्य. घेणाऱ्यांनी एवढं करा: जीपीयू-झेड, म्हणजे कार्डाची खरी माहिती दाखवणारा प्रोग्रॅम, उघडा. ३०६० च्या नावाखाली ८ जीबीचं, १२८ बिटवालं कार्डही आहे, ते १२ च्या भावात विकतात. जुन्या कार्डात दुसरं बायोस (कार्डातलं अंगभूत सॉफ्टवेअर) भरून नवं नाव दाखवणारेही आहेत, तेही त्यात उघडं पडतं. मग मेमरी भरेल असा बेंचमार्क (कार्डाची चाचणी घेणारा प्रोग्रॅम) वीस मिनिटं लावा आणि पडद्याकडे बघत उभे राहा. दुकानदार घाई करायला लागला तर निघून या.

वसईकर_७०
अण्णा, अजून एक सांगा लोकांना. ४०६० ला मदरबोर्डशी बोलायला आठच लेन (डेटाच्या वाटा) आहेत. जुन्या, जेन ३ च्या (आधीच्या पिढीच्या जोडणीच्या) मदरबोर्डवर लावलं की त्या वाटांचा वेग अर्धा. मेमरीत मावतंय तोवर कळत नाही, मेमरी भरली की झटके बसायला लागतात.

चाळीतला_गेमर
आमचा बोर्ड जेन ३ चाच आहे. हे मी धरलं नव्हतं.

परळवाल्या ताई, भावाला विचारलं. त्याला खरंच ब्लेंडर शिकायचंय, मला माहीत नव्हतं. म्हणजे आमच्यासाठी ८ जीबीचं ४०६० नको, एवढं मानतो. पण ४०९० हवंच, हे अजूनही मानत नाही. आमचा एसएमपीएस ५५० वॉटचा आहे, त्यावर ते लावायचंच नाही, आणि बाबांची बोनसची रक्कम मी एका डब्यात घालणार नाही.

रेंडरवाली_परळ
शिकायला १२ जीबी पुरेल. मी कधीच म्हटलं नव्हतं की पहिल्या दिवशी ४०९० घ्या. पहिलं पैशाचं काम आलं की मग बोलू.

चाळीतला_गेमर
अण्णा, शनिवारी दुपारी असाल का? भावाला आणि आमचाच एसएमपीएस घेऊन येतो. पक्कं बिल लागेल.