गच्चीवरची शेड 'अवैध' की 'अनधिकृत'? (आणि भांडण कशावरून पेटलं)

नौपाडाकर
आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त फिरवलं गेलं. त्यात सेक्रेटरींनी लिहिलंय, 'गच्चीवरील पत्र्याची शेड अवैध आहे.' शेडवाले काका भडकले. "अवैध म्हणजे काय, मी वर हातभट्टी लावलीय का?" सभा हसली. मला मात्र काकांचं पटलं.

पेपर उघडा. अवैध काय असतं? वाळू उपसा, दारू, शस्त्रं, 'धंदे'. अनधिकृत काय? बांधकाम, फेरीवाले, फलक, पार्किंग. बेकायदा जमाव असतो, अवैध जमाव कोणी म्हणत नाही. आणि मत अवैध झालं म्हणण्यापेक्षा आपण बाद झालं म्हणतो. थोडक्यात, 'अवैध'ला गुन्ह्याचा वास येतो. उलट 'वैध'ला येतो तारखेचा: परवाना अमुक तारखेपर्यंत वैध. गाडीच्या पीयूसीची, म्हणजे प्रदूषण तपासणीच्या दाखल्याची, मुदत संपली तर 'माझी पीयूसी अवैध झाली' म्हणता का? पीयूसी संपते. म्हणून माझं म्हणणं, हे दोन शब्द एकमेकांच्या अगदी विरुद्ध राहिलेलेच नाहीत. शेडला 'अवैध' लिहू नये.

कोपरखैरणे सेक्टर अमुक
काहीही! विधी म्हणजे कायदा, विधीला धरून ते वैध, नसेल ते अवैध. व्याकरण इतकं सरळ असताना वास कसले घेताय? वजनकाटे तपासणारं खातं स्वतःला 'वैधमापनशास्त्र' म्हणवतं, तिथे कुठली तारीख आली? पेपरवाले एकाच बातमीत वरच्या ओळीत अवैध आणि खालच्या ओळीत बेकायदा लिहितात, शब्द परत येऊ नये म्हणून. त्यावरून तुम्ही नियम बसवताय. काकांनी परवानगी घेतली होती का, ते आधी सांगा.

नौपाडाकर
नव्हती घेतली. पण अर्थ व्याकरणातून निघाला असता तर 'अबोल' माणूस मुका ठरला असता.

कोर्टनाका
ठाण्याच्या कोर्टात बावीस वर्षं काढली, म्हणून दोन ओळी. कायद्याच्या मराठीत 'वैध' तसा कमीच भेटतो. तिथे 'विधिग्राह्य' असतं, म्हणजे कायद्याला मान्य. विरुद्ध बाजूला एक शब्द पुरत नाही: करार 'शून्य' असतो किंवा 'शून्यनीय' असतो. शून्य म्हणजे मुळातच नाही. शून्यनीय म्हणजे ज्याच्यावर अन्याय झाला तो रद्द करून घेईपर्यंत चालू. 1872 च्या करार कायद्यापासून हा फरक आहे. अशील विचारतो, "साहेब, कागद वैध आहे ना?" त्याला एका शब्दात उत्तर देता येत नाही.

आणखी एक. हिंदू विवाह कायद्यात, 1955 च्या, कलम 16 बघा. लग्न शून्य ठरलं तरी त्यातली मुलं औरस. आईबापांच्या लग्नाचा शिक्का मुलांवर नाही. मला हे कलम फार आवडतं. असो.

घणसोली गावठाण
वकीलसाहेब, हेच घरांना लावा की! नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 ला आली, ठाणे-पनवेल-उरणच्या 95 गावांच्या जमिनी गेल्या. कुटुंबं वाढली, भाताची खाचरं गेली, राहिलं गावठाण. तिथे पोरांसाठी खोल्या चढवल्या, तर नोटीस आली 'अनधिकृत'. नौपाडाकरांना हा शब्द सौम्य वाटतोय. आम्हाला तो शिवीसारखा लागतो. म्हणून आम्ही 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतो, आणि भांडून भांडून हा शब्द सरकारी कागदावर नेलाय. शब्द कोण लावतंय ते बघा आधी.

कोपरखैरणे सेक्टर अमुक
दादा, तुमचं दुःख मान्य. पण 'गरजेपोटी' हे कारण झालं, दर्जा नव्हे. त्याच नावाखाली बिल्डरांनी सहा-सहा मजले चढवून विकले, तेही गरजेपोटी? नवी मुंबईतल्या दिघ्याच्या इमारतींवर हायकोर्टाने पाडकामाचा आदेश दिला तेव्हा रस्त्यावर आली ती पैसे मोजून घर घेतलेली माणसं. त्यांना 'अवैध' असं स्पष्ट कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

घणसोली गावठाण
बिल्डरांची बाजू मी घेतलेली नाही.

कोर्टनाका
राज्याच्या 2017 च्या नियमांनी मधला एक शब्द काढलाय, 'प्रशमित संरचना'. म्हणजे दंड भरून, अटी पाळून नियमात बसवलेलं बांधकाम. आधी अनधिकृत, नंतर प्रशमित, पण पहिल्यापासून वैध होतं असं नाही. दुसरी गंमत, महापालिका अनधिकृत घराला कर लावते, वर शास्ती, म्हणजे दंडही लावते. लोक पावती फ्रेम करून ठेवतात. पावतीने घर अधिकृत होत नाही.

डोंबिवली फास्ट
आमच्याकडे तर कळस. 65 इमारती, महारेराची (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाची) नोंदणी खरी, पण ती मिळवायला दिलेली बांधकाम परवानगी बनावट. आता सांगा, नोंदणीकृत, अधिकृत, वैध यातलं काय? मी आपला 2016 च्या पाचशेच्या नोटेवर येतो. नोट खरी होती, खोटी नव्हती, पण 8 नोव्हेंबरच्या मध्यरात्री बाद झाली. खरं असणं वेगळं, चालणं वेगळं.

नौपाडाकर
नोटेचा दाखला माझ्या बाजूचा धरतो! 'वैध'मध्ये चालू असण्याचा अर्थ आहेच. कोपरखैरणेकरांचं एक मात्र मानतो, सौम्य शब्दाआड माणसं लपतात. तरी काकांच्या शेडला वाळूचोरांच्या रांगेत बसवायला मन होत नाही.

ताजी बातमी: सेक्रेटरींनी शब्द बदलून 'विनापरवाना' केला. काका म्हणाले, "हां, हे चालेल. पावसाळा संपला की बघू."

कोपरखैरणे सेक्टर अमुक
कुठला पावसाळा, ते लिहून घ्या.